कल्हई केलेलं इंजिन

आमची कमल गेली तेव्हा भेटायला आलेल्या माणसांनी तिच्या हातच्या शेंगोळ्यांचीच आठवण काढली. एक जण उठला की दुसरा बसायचा आणि तेच बोलायचा, वहिनींच्या शेंगोळ्यांची चव कुठं नाही. मी मान हलवत होतो, पण आतून मला राग येत होता. बाई काय जन्मभर शेंगोळ्याच वळत बसली होती का? पुण्यानुमोदन झाल्यावर थोरला पोरगा म्हणाला, आबा, तुम्हाला लिहायचंच आहे तर आईबद्दल लिहा, पण ते गाडीचं प्रकरण नका लिहू, लोक हसतील. हसू द्या. तेव्हाही हसले होते. मी सातवीत शाळा सोडलेला माणूस, पुस्तकातल्यासारखं लिहिता येत नाही, आणि गाडी सोडून कमलबद्दल लिहायचं म्हणजे काय लिहायचं तेही मला कळत नाही. ती माझ्या घरात आली ती त्या गाडीत बसून आली. ज्याला वाचायचं नसेल त्यानं हे प्रकरण उलटून पुढं जावं.

आमचं घर दौंडला, रुळांच्या कडेच्या बौद्ध वस्तीत. घर म्हणजे दोन खोल्या आणि वर पत्रा. यार्डात डबे एकमेकांवर आदळायचे तेव्हा फळीवरची जर्मनची भांडी हलायची, आणि पाहुणा दचकला की आई हसायची. कोळशाची काजळी सगळीकडं. वाळत घातलेल्या धोतरावर, पाण्याच्या हंड्यावर, उन्हात टाकलेल्या हुलग्यांवर. आई ते हुलगे पाखडून, धुऊन, पुन्हा पाखडून दळायची आणि लसूण-मिरचीचा ठेचा घालून पिठाच्या शेंगोळ्या वळायची. उकळत्या पाण्यात त्या पडल्या की वासानं शेजारची पोरं दारात यायची. आबा, म्हणजे माझे वडील, रेल्वे इंजिनाच्या शेडमध्ये खलाशी, म्हणजे फिटरच्या हाताखालचे. ते घरी आले की आधी तेलाचा वास आत यायचा आणि मग ते. आपल्या जागी मला चिकटवायचं हे त्यांचं एकच स्वप्न. साहेबापुढं उभं राहून राहून त्यांनी माझ्यासाठी शब्द मिळवला होता. आणि मी शिरूरला रशीदभाईंच्या गॅरेजात काळे हात करत होतो. आठवड्याला घरी यायचो तेव्हा आबा भाकरी मोडता मोडता म्हणायचे, "पाना फिरवून कुणाचं पोट भरलंय का, सोपान? रेल्वेत माणूस मरंपर्यंत उपाशी ऱ्हात न्हाई." मी म्हणायचो, "मरंपर्यंत एकच बोल्ट आवळायचा, आबा. मला न्हाई जमायचं." मग आई आमच्या दोघांच्या मध्ये ताक आणून ठेवायची आणि तेवढ्यापुरतं बोलणं थांबायचं.

कमलचं गाव नदीपल्याड, मांडवगण फराट्याच्या वाटेवरचं. नाव लिहीत नाही. तिथली पोरं आज माझ्या नातवाबरोबर कारेगावला राहून कंपनीत कामाला जातात, एका डब्यात जेवतात, त्यांना उगाच मान खाली घालायला नको. पण तेव्हाची गोष्ट तेव्हाची. नदी उन्हाळ्यात आटली की पात्रातून वाट पडायची. गावाकडचा उतार सरळ होता, पण दौंडच्या बाजूची दरड उभी आणि वर सगळी भुसभुशीत वाळू. ट्रक, जीप, ट्रॅक्टर, काहीही त्या चढाला अडकायचं. मग तिथं तात्या नावाचा शेतकरी आपली बैलं घेऊन उभा असायचा. बैलं जुंपायची, गाडी वर ओढायची. लग्नाची वऱ्हाडं अशीच जायची, नवरा-नवरी आत बसून, बैल पुढं, वाजंत्री मागं. पण आमच्या लोकांचं वऱ्हाड असलं की सगळ्यांनी खाली उतरायचं, पायातल्या वहाणा हातात घ्यायच्या आणि चढ चालत चढायचा, नवरीनंसुद्धा. रिकामी गाडी बैलं ओढून द्यायची. का, तर ती बैलं गावच्या देवाला सोडलेली, जत्रेत शर्यतीच्या घाटात पळणारी. आमच्या माणसांचं ओझं त्यांच्यामागं चालत नव्हतं. आम्ही बौद्ध होऊन बरीच वर्षं झाली होती, मेलेली ढोरं ओढायचं सोडलं होतं, हलगी वाजवायची सोडली होती, पण ती वाळू काही सुटली नव्हती.

मुलगी बघायला आम्ही गेलो तेव्हा गुळाचा चहा झाला, आईनं विचारलं, "शेंगोळ्या येत्यात का गं?" कमल म्हणाली, "येत्यात." आता मुलगी उठून आत जाणार, तर ती बसूनच राहिली आणि माझ्याकडं सरळ बघून म्हणाली, "मला न्यायचं कसं ठरवलंय?" तिचे वडील खाकरले. ती म्हणाली, "माझी थोरली भण शांता, लगीन झालं त्या दिशी साडी वर धरून, वहाणा हातात घिऊन त्या चढानं गेली. मी खाली हुबी ऱ्हाऊन बघत व्हते. मी तशी जाणार न्हाई. चालत न्यायची आसंल तर आत्ताच सांगा, दुसरी बघा." आबा म्हणाले, "पोरी, पुलावरनं वळसा घिऊन जाऊ की." तर म्हणते, "वळसा कशाला, मामा? नदी काय त्यांनी इकत घेतलीया?" आई माझ्याकडं बघायला लागली. मी म्हणालो, "गाडीत बसवून नेतो. बैलं न लावता." एवढंच बोललो. घरी येताना आबा नदीतल्या वाळूतून चालता चालता म्हणाले, "कशाची गाडी, आन् कुणाची गाडी?" पण लग्न त्या बोलण्यावर ठरलं होतं हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं.

रशीदभाईंना मी सगळं सांगितलं. ते माझे वस्ताद. पायानं अधू, तोंडानं तिखट. बोलताना निम्मी हिंदी, निम्मी मराठी. त्यांनी मला मोडीत निघालेल्या गाड्या दाखवायला सुरुवात केली. एक मिलिटरीच्या लिलावातली जीप होती. सगळे म्हणाले हीच घे, वाळूला जीपसारखं काही नाही. पण तिला इंजिनच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला जीप नको होती. आमच्या वस्तीत जीप यायची ती कुणाला तरी उचलून न्यायला यायची. तिच्यात मी बायको आणणार नव्हतो. दुसरी एक जुनी विलायती मोटार होती, म्हशीएवढी. तिचे सुटे भाग मिळायचे, पण ती स्वतःच्याच वजनानं बसली होती. तिसरी मी स्वतः शोधली, दौंडमध्येच. एका गार्डसाहेबाच्या बंगल्यात चिंचेखाली उभी होती. साहेबाचं कुटुंब देश सोडून निघालं होतं आणि बंगला रिकामा करून द्यायचा होता. साहेबाचा मेहुणा जहाजावर, त्यानं कधीतरी ही गाडी आणून ठेवलेली. तांबडी, बुटकी, दोनच माणसांची, वर टप नाही. जपानी. मागची इंग्रजी अक्षरं निम्मी गळून पडली होती, त्यामुळं तिचं खरं नाव आम्हाला कधीच कळलं नाही. सीटवर कोंबड्या अंड्यावर बसलेल्या. साहेबाला ती फक्त तिथून हलवून हवी होती, म्हणून ती माझ्यासारख्याला परवडली.

रशीदभाई तिच्याभोवती लंगडत फिरले. म्हणाले, "अरे सोपान, ये गाडी नहीं, खिलौना है. ह्यात बसून तू नदी चढणार?" मग त्यांनी मला मागचा बंपर धरायला सांगितला, स्वतः दुसरी बाजू धरली, आणि दोघांनी मिळून तिचा मागचा भाग जमिनीवरून उचलला. खाली ठेवून त्यांनी हात पुसले. मग म्हणाले, "देख. पॉवर दो तरह से मिलती है. या तो इंजन बड़ा करो, या गाडी हलकी करो. दूसरा फुकट है." मी त्याच दिवशी कोंबड्या उठवल्या.

तिला ट्रकमागं बांधून शिरूरला आणली तेव्हा बाजार भरला होता. भाजीवाल्या बाया टोपल्या बाजूला सरकवून बघायला लागल्या. एक म्हातारी म्हणाली, "बाबा, हिचं वरचं कुठं हाय?" मी म्हणालो, "जपानात ऱ्हायलं." त्या दिवसापासून गॅरेजात येणारा प्रत्येक ट्रकवाला मला विचारायचा, काय सोपानराव, नवरी बसणार कुठं, डिक्कीत का बॉनेटवर. मी काम करायचो. आधी फुकटची पॉवर काढली. बंपर काढले, गालिचे काढले, दारांच्या आतलं कापड काढलं. डॅशखाली एक पेटी निघाली, तिच्यातून रबरी नळ्या इंजिनाकडं गेलेल्या. हे काय म्हणून विचारलं तर रशीदभाई हसून हसून खाली बसले. तो हीटर होता. जपानी माणसानं थंडीसाठी बसवलेला. दौंडच्या मे महिन्यात हीटर. तोही काढला.

मग इंजिन. पेट्रोल त्या दिवसांत एकदम महागलं होतं, त्यामुळं उगाच चालवून बघणं परवडणारं नव्हतं. जे करायचं ते हातानं आणि डोक्यानं. हवा आत घेण्याची आणि धूर बाहेर टाकण्याची भोकं आतून खरबरीत होती. मी बांबूच्या काडीला पॉलिश पेपर गुंडाळून ती रोज घासायचो, बोट फिरवलं की काचेसारखं लागेपर्यंत. कार्बोरेटरच्या जेटचं भोक वाढवायला घड्याळवाल्याकडून त्याची सगळ्यात बारीक सुई आणली. सायलेन्सर कुजला होता, त्याच्या जागी विहिरीच्या पंपाचा जुना पाईप वाकवून बसवला. आवाज असा यायचा की शेजारच्या पिठाच्या गिरणीवाला भांडायला आला. आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे हेड. इंजिनाचं डोकं. ते लेथवर नेऊन खालून थोडं छिलून घेतलं, म्हणजे आतली जागा कमी होते, पेट्रोलची हवा जास्त दाबली जाते आणि स्फोट जोरात होतो. खर्च लेथवाल्याच्या चहाचा. पण दाब वाढल्यावर हेड आणि खालच्या भागाच्या मधलं गॅस्केट टिकेना. जपानी गॅस्केट मिळायचा सवालच नव्हता. रशीदभाईंनी पत्र्याचं आणि दोरीचं कापून घातलं, ते फुटलं. दुसरं घातलं, तेही फुटलं. मग ते म्हणाले, "तांबा लगेगा. तांब्याला पर्याय न्हाई."

शिरूरच्या पेठेत एक तांबट आप्पा होते, म्हातारे, कानानं कमी. मी फुटलेलं गॅस्केट नेऊन त्यांच्यापुढं ठेवलं आणि म्हणालो असंच हुबेहूब जाड तांब्याचं करून द्या. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं. मोठी चार भोकं, भोवती लहान भोकं. म्हणाले, "आप्पेपात्राचं झाकण हाय व्हय? ह्यात शिजवणार काय?" मी म्हणालो, "पेट्रोल." त्यांना ऐकू काय आलं कोण जाणे, मान डोलावली. पण काम असं केलं की बघत राहावं. पत्रा कापला, भोकं पाडली, कानशीनं धारा मारल्या, लाल करून पाण्यात बुडवून मऊ केला. चार दिवसांनी घ्यायला गेलो तर चांदीसारखं चकचकीत गॅस्केट कागदात गुंडाळून हातात दिलं. मला वाटलं पॉलिश केलंय. रशीदभाईंनाही तसंच वाटलं. बसवलं, बोल्ट आवळले, आणि घोडनदीच्या वाळूत नेऊन जरा चढवून पाहिलं. गाडी अशी उसळली की माझी टोपी मागं राहिली. रशीदभाई टाळी वाजवत म्हणाले, "जा, ले आ दुल्हन को."

पेट्रोल वाचवायला आदल्या दिवशी गाडी पुन्हा ट्रकमागं बांधूनच दौंडला आणली. लग्नाच्या दिवशी सकाळी आमचं वऱ्हाड दौंडहून ट्रकमधून निघालं, मी पुढं गाडीत, शेजारी रशीदभाई. माझ्या अंगावर पांढरा लेंगा आणि सदरा. ट्रक दौंडच्या बाजूलाच दरडीवर उभा केला, माणसं चालत पात्रात उतरली आणि मी गाडी घेऊन खाली उतरलो. तात्या बैलं घेऊन चढाच्या कडेला उभा होताच. बारीक अंगाचा, डोक्यावर टोपी, आवाज एकदम मऊ. म्हणाला, "या. येताना हाक मारा." तो कधी कुणावर ओरडला नाही. त्याला गरजच पडली नव्हती.

गावात समाजमंदिरापुढं गाडी थांबवली तर खालून वाफ. पाणी संपलेलं. मी बॉनेट उघडलं आणि मला हेडच्या फटीतून काहीतरी चमकताना दिसलं. बारीक बारीक पांढरे मणी, घामासारखे बाहेर आलेले, काही खाली ओघळून घट्ट झालेले. मी एक मणी नखानं काढून रशीदभाईंच्या हातावर ठेवला. त्यांनी तो दातात धरून बघितला आणि डोकं धरून बाजेवर बसले. म्हणाले, "कल्हई. अरे उसने कल्हई लगाई है."

आता ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तांब्याच्या भांड्याला आतून कथलाचा मुलामा देतात, नाहीतर त्यात ठेवलेलं अन्न कळकतं आणि माणूस आजारी पडतो. तांबट आप्पांनी जन्मभर बिनकल्हईचं भांडं दुकानाबाहेर जाऊ दिलं नव्हतं. मी पुढं त्यांना जाऊन विचारलं तर माझ्यावरच चिडले. "कच्चं तांबं देऊ कसं रे? उद्या तुजं पेट्रोल कळकलं म्हंजी?" शिरूरात त्यावर मी आणि रशीदभाई पुष्कळ हसलो. पण त्या सकाळी हसू नव्हतं. थोड्या अंतरात काही झालं नव्हतं, पण दौंडहून येईपर्यंत इंजिन तापून कथील वितळलं, मधली जागा ढिली झाली, आणि दाब बाहेर पडायला लागला. एवढ्या घासलेल्या, छिललेल्या इंजिनात आता पिठाच्या गिरणीएवढाही जोर नव्हता.

बौद्धाचार्य येऊन बसले होते. माणसं जमली होती. मी नवरदेव, हातात पाना घेऊन बॉनेटमध्ये वाकलेला. आबा मागं येऊन उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "मी काय म्हणत व्हतो?" मी म्हणालो, "आबा, बाजूला व्हा, उजेड येऊ द्या." रशीदभाई म्हणाले, कल्हई गळून गेली ते बरंच झालं, आता खाली नुसतं तांबं राहिलंय, पुन्हा आवळलं तर बसेल. पण थंड होईस्तोवर हात लावायचा नाही, नाहीतर बोल्ट तुटेल. म्हणजे थांबणं आलं. तेवढ्यात कमल बाहेर आली. पांढऱ्या साडीत, केसात मोगरा. बाया तिला मागं ओढत होत्या, नवरीनं असं यायचं नसतं म्हणून. ती आली, बॉनेटमध्ये डोकावली आणि विचारलं, "हुईल का?" मी म्हणालो, "हुईल. येळ लागंल." तर बौद्धाचार्यांकडं वळून म्हणते, "गुरुजी, चहा घ्या तवर." आणि तिथंच गाडीच्या त्या पंपाच्या पाईपाजवळ दगडावर बसून राहिली. इंजिन थंड झाल्यावर मी एकेक बोल्ट आवळला, मधून बाहेर, रशीदभाई सांगतील तसा. मग हात मातीनं घासून धुतले आणि तसाच जाऊन बसलो. त्रिशरण म्हणताना माझ्या जोडलेल्या हातांना ग्रीसचा वास येत होता. अजून ते शब्द कानावर पडले की मला तो वास येतो. ती गेली त्या दिवशीही आला.

दुपार कलल्यावर निघालो. कमल शेजारी, तिची ट्रंक पायाशी. वाळू पार केली. रशीदभाईंनी मागच्या चाकांची हवा कमी करून ठेवली होती. दरडीपाशी येऊन मी गाडी थांबवली आणि वर पाहिलं. गावातली माणसं कडेला येऊन बसली होती, जत्रेला बसतात तशी. तात्या बैलांच्या पुढं. मी पहिला गिअर टाकला आणि सोडली. आवाज असा झाला की बैल बिथरले. गाडी निम्म्यापर्यंत एका दमात गेली आणि तिथं मागची चाकं जागेवर फिरायला लागली. वाळूचा फवारा मागं. जोर होता, रग्गड होता, पण जमीन पकडत नव्हती. मी ब्रेक धरून ती हळूहळू खाली घेतली. वर कुणीतरी शिट्टी मारली. तात्या उतरून अर्ध्यावर आला आणि म्हणाला, "नवरीबाई, उतरा आता. रीत हाय ती हाय. बैल लावतो, लगेच वर जाईल."

कमल त्याच्याकडं बघतसुद्धा नव्हती. ती मागं वळून चाकांनी पाडलेले खड्डे बघत होती. म्हणाली, "अवो, ही गाडी धुरजड हाय." बैलगाडी हाकणाऱ्याला हा शब्द माहीत असतो. पुढं ओझं जास्त झालं की जू बैलांच्या मानेवर बसतं आणि मागं गाडी हलकी पडते. आम्ही सगळं वजन काढून टाकलं होतं, आणि जे राहिलं ते पुढं, इंजिनात. मी, रशीदभाई, शिरूरचे सगळे ट्रकवाले, कुणाच्या डोक्यात आलं नाही. हिच्या बापाची बैलगाडी नव्हती, पण दुसऱ्यांच्या गाड्यांत ऊस भरून भरून हिला ते माहीत होतं. तिनं वाळूत उभ्या असलेल्या बायांना हाक मारली. "आक्के, इकडं ये. मावशे, तू बी ये. मागं डिक्कीवर बसा." शांता, तिची थोरली बहीण, कडेवर पोरगं घेऊन उभी होती. म्हणाली, "मी गं?" कमल म्हणाली, "तू आदी." दोघी बसल्या, पाय आत सीटच्या मागं सोडून, एकमेकींना धरून. मी पुन्हा सोडली. ह्या वेळी चाकं रुतली, दबली, आणि धरून चढायला लागली. मावशी आई आई करत होती, पोरगं हसत होतं, आणि आम्ही वर आलो. ट्रकजवळ उभे असलेले आमचे लोक नुसते बघत राहिले.

मी म्हणालो, "झालं. चल आता घरी." कमल म्हणाली, "झालं काय? खाली अजून बाया हायत्या." मी म्हणालो, "अगं, इंजिन तापलंय." ती म्हणाली, "मी एकटी बसून आले तर मी नवरी म्हणून आले असं व्हईल. फिरवा गाडी." शांता आणि मावशी उतरल्या, कमल उतरली नाही. मी गाडी फिरवली. दुसऱ्या खेपेला तिची आई आणि आत्या. मग माझी आई, जी डिक्कीवर बसायला लाजत होती आणि वर आल्यावर म्हणाली, "पुन्यांदा न्हेता का?" मग शेजारणी. प्रत्येक खेपेला कमल शेजारी बसलेली, पदर खोचून, मागं वळून सांगत असलेली, मधी सरका, धरून बसा. वर बसलेल्या गावकऱ्यांच्या शिट्ट्या कधी थांबल्या ते मला कळलं नाही. तात्या बैलांच्या दोऱ्या हातात धरून एकाच जागी उभा होता. आमच्याकडून त्याला कुणी हाक मारली नाही.

शेवटच्या खेपेला वस्तीतल्या दोन म्हाताऱ्या होत्या. वरच्या कडेपासून थोडं खाली असताना इंजिनातून ठण्ण असा आवाज आला, जोर गेला आणि गाडी थांबली. मी हँडब्रेक ओढला. काळा धूर. रशीदभाई वरूनच म्हणाले, "पिस्टन गया." म्हाताऱ्या उतरायला लागल्या तर कमल म्हणाली, "बसा." वरून आमचे बाप्ये धावत आले, आबा सगळ्यात पुढं, आणि गाडी मागं सरकू नये म्हणून चाकांना दगड लावले.

तात्या बैलं घेऊन खाली आला. जू त्यानं आधीच जोडून ठेवलं होतं. कमलच्या बाजूला उभा राहिला आणि म्हणाला, "उतरू नका, वहिनी. बसूनच ऱ्हावा. मी ओढतो." त्यानं हे सगळ्यांसमोर म्हटलं, वर अख्खं गाव ऐकत होतं. आमच्यातल्या बाईला त्या गावात कुणी वहिनी म्हटल्याचं मी ऐकलं नव्हतं, माझ्या सासऱ्यांनीही नाही. ते तिथंच उभे होते. त्यांनी टोपी काढून घाम पुसला आणि लेकीकडं पाहिलं. आबांनी माझ्याकडं पाहिलं. सगळे थांबले होते, ती काय म्हणते बघायला.

कमलनं बैलांकडं पाहिलं. चांगले होते बैल, पांढरे, शिंगांना तेल लावलेले. म्हणाली, "तात्या, त्यांना पाणी पाजा. सकाळधरनं उन्हात हुबी हायती."

मग मला म्हणाली तुम्ही उतरा, तुमचं वजन कशाला, आणि माझ्या जागेवर सरकून बसली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं स्टिअरिंग हातात धरलं, दोन्ही हातांनी, घट्ट. मागं दोन म्हाताऱ्या. आबांनी दगड बाजूला केले आणि माझ्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. ती समोर कडेकडं बघत होती, आमच्याकडं वळलीसुद्धा नाही.

"ढकला," म्हणाली.